शीर सापडली, कारण सापडले का?

प्रश्न : माझे वय ३१, पत्नीचे २७. लग्नाला तीन वर्षे झाली, अजून मूल नाही. दोन वर्षे पत्नीच्याच तपासण्या चालल्या होत्या. तिच्यात काही दोष निघाला नाही. शेवटी माझी वीर्यतपासणी झाली. रिपोर्टवर काउंट ९ मिलियन आणि मोटिलिटी २२ टक्के असे आहे. मग डॉप्लर सोनोग्राफी केली, त्यात डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघाले. मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. बारा तास उभे काम, डोक्यावर पत्रा, आणि सोलापूरचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. घरातले म्हणतात, उभे राहून राहून शिरा फुगल्या. पण माझ्याच पाळीतल्या एका दोस्ताला हाच त्रास आहे आणि त्याला दोन मुले आहेत. हे कसे? डावीकडेच का होते? ऑपरेशन करून घ्यावे की थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे जावे?
— एक वाचक, सोलापूर (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारून टाकला आहे. तो तुमच्या दोस्ताचा. तिथूनच सुरुवात करू.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगणे. शंभर पुरुष घेतले तर त्यांतल्या साधारण १५ जणांना तो असतो. बहुतेकांना मुले होतात आणि आपल्या शरीरात असे काही आहे याचा त्यांना जन्मभर पत्ता नसतो. पहिलेच मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे आलेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. फुगलेल्या शिरांचा मूल न होण्याशी संबंध नक्की आहे, पण एक असले की दुसरे असणारच, असे नाही. तुमचा दोस्त त्या मोठ्या गटातला आहे, ज्यांच्या शिरा फुगल्या तरी शुक्राणूंना फारसा धक्का बसला नाही. शिवाय मूल होणे ही दोघांच्या क्षमतेची बेरीज असते. नवऱ्याची बाजू थोडी लंगडी असली आणि बायकोची भक्कम असली, तर कमतरता भरून निघते.

म्हणून डॉप्लरच्या कागदावर व्हेरिकोसील हा शब्द दिसला की गुन्हेगार सापडला, असे समजू नका. तो संशयित आहे. त्याच्यावर आरोप ठेवायचा की नाही, हे पुढच्या काही गोष्टींवर ठरते.

डावीच बाजू का?

ज्यांना हा त्रास असतो त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांत तो डावीकडे असतो. दोष शरीराच्या आतल्या रचनेत आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या सर्वांत मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते, त्यामुळे रक्त सहज वाहते. डावी शीर आठ-दहा सेंटिमीटर जास्त लांब असते. ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन धडकते. त्यातून ही मूत्रपिंडाची शीर स्वतःच दोन धमन्यांच्या बेचक्यातून जाते आणि काही जणांत तिथे दाबली जाते. लांब वाट, वाईट वळण आणि वरून दाब. त्यात माणूस दोन पायांवर उभा राहणारा प्राणी, म्हणजे रक्ताला सरळ वर चढायचे. शिरांच्या आतल्या झडपा कमकुवत निघाल्या की रक्त मागे उतरते आणि वृषणाभोवतीचे जाळे फुगते.

यातून एक व्यवहाराची खूण मिळते. फक्त उजवीकडे शिरा फुगल्या असतील, मोठ्या वयात अचानक फुगल्या असतील, किंवा आडवे झाल्यावरही ओसरत नसतील, तर पोटाची तपासणी आधी करायला हवी. पोटातली एखादी गाठ शिरेवर दाब आणत असण्याची शक्यता असते. तुमचा प्रकार नेहमीचा, डावीकडचा आहे.

उभे काम आणि सोलापूरचे ऊन

यंत्रमागाला दोष देऊ नका. हा विकार बहुधा वयात येताना, दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारास सुरू होतो. तुम्ही मागावर उभे राहण्याच्या कितीतरी आधीच तो तिथे असणार. बारा तास उभे राहिल्याने संध्याकाळी वृषणाच्या पिशवीत ओढल्यासारखे दुखू शकते, आडवे झाल्यावर आराम पडतो, पण शिरा फुगण्याचे मूळ तिथे नाही.

उष्णतेची गोष्ट जास्त रंजक आहे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी लागते. म्हणून तर निसर्गाने हा अवयव पोटाबाहेर लटकवला. त्याला थंड ठेवण्याची आणखी एक सोय आहे. वृषणाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमनीभोवती या शिरांचे जाळे असते, मांडवाच्या तारेला द्राक्षवेलीचे तणावे विळखा घालतात तसे. वर जाणारे थंड रक्त खाली येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेते. शिरांत रक्त साचले की ही सोय बिघडते. फुगलेल्या शिरांनी शुक्राणूंवर परिणाम होण्याचे हे प्रमुख कारण मानले जाते. एकाच बाजूला शिरा फुगल्या तरी दोन्ही वृषणांना झळ पोचू शकते. साचलेल्या रक्तामुळे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक वाढतात, शुक्राणूच्या आतला डीएनए तुटतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरी एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे पूर्ण उत्तर शास्त्राने अजून दिलेले नाही.

आता बाहेरचे ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, पण घाम येणाऱ्या निरोगी माणसाचे आतले तापमान ३७च्या आसपासच राहते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ या उष्ण शहरात उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात शुक्राणूंची संख्या कमी आढळली. म्हणजे ऋतूचा थोडा चढउतार असतो, पण तो ओसरतो. उन्हाने मुले होणे थांबले असते तर सोलापूर जिल्ह्यातल्या शाळा ओस पडल्या असत्या. जपायचे असेल ते थेट तिथे बसणाऱ्या उष्णतेपासून : बॉयलर किंवा भट्टीला खेटून तासन् तास काम, मांडीवर ठेवलेला लॅपटॉप, गरम पाण्याच्या टबात बसणे, घट्ट जाडजूड पँट. सुती, सैल कपडे घाला. पाळीत मधूनमधून बाहेर या. एवढे पुरे.

एक तापमान मात्र खरेच घातक ठरते, ते म्हणजे अंगातला ताप. टायफॉइड, डेंग्यू किंवा कुठलाही जोराचा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने काउंट खाली राहू शकतो. तपासणीच्या आधीच्या तीन महिन्यांत तुम्हाला ताप आला होता का, हे आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

९ मिलियन म्हणजे किती?

मिलियन म्हणजे दहा लाख. तुमच्या वीर्याच्या एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली काढलेल्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीत खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एका वेळच्या वीर्यात एकूण ३ कोटी ९० लाख आणि हालचाल ४२ टक्के अशी दिली आहे. तुमचे दोन्ही आकडे त्याखाली आहेत.

पण ही मर्यादा कशी काढली, ते समजून घ्या. वर्षभरात ज्यांच्या बायकोला दिवस गेले अशा साडेतीन हजारांहून अधिक पुरुषांचे वीर्य तपासले आणि आकड्यांची रांग लावली. रांगेत अगदी तळाचे पाच टक्के जिथे संपतात, तिथे रेघ ओढली. म्हणजे त्या रेघेखालचे पाच टक्के पुरुषही बापच होते! या रेघेखाली असणे म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे. शक्यता कमी झालेली असते, वेळ जास्त लागतो.

आणि एकाच रिपोर्टवर काहीही ठरवू नका. एकाच माणसाचा काउंट एका महिन्यात दुप्पट, पुढच्या महिन्यात निम्मा होऊ शकतो. काही आठवड्यांनी, आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचे अंतर राखून, त्याच चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करा. संख्या एक कोटीच्या खाली असल्याने एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची रक्ततपासणीही करून घ्या. संख्या ५० लाखांच्या खाली असती तर गुणसूत्रांची तपासणी सांगावी लागली असती.

ऑपरेशन कोणाला?

चार गोष्टी एकत्र जुळल्या तरच. पहिली, वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेलेले नाहीत. दुसरी, वीर्यतपासणीत दोष आहे आणि तो दुसऱ्यांदाही दिसला. तिसरी, शिरा डॉक्टरांच्या हाताला लागतात. चौथी, बायकोची बाजू ठीक आहे, किंवा तिथला दोष बरा होण्यासारखा आहे.

यातली तिसरी अट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. व्हेरिकोसीलचे निदान यंत्राने नव्हे, हाताने होते. रुग्णाला उबदार खोलीत उभे करून, पोटावर जोर द्यायला सांगून डॉक्टर तपासतात. जोर दिल्यावरच शिरा लागल्या तर पहिली श्रेणी, नुसते उभे राहूनही हाताला लागल्या तर दुसरी, कातडीवरून डोळ्यांना दिसल्या तर तिसरी. आणि फक्त डॉप्लरमध्ये दिसल्या, हाताला लागल्याच नाहीत, तर अशा शिरांवर शस्त्रक्रिया करून फायदा होत नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या पत्रात डॉप्लरचा उल्लेख आहे, हाताने तपासल्याचा नाही. म्हणून पहिले काम हेच : मूत्रविकारतज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्टकडे जाऊन उभ्याने तपासून घ्या. खर्चाची अडचण असेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीपासून सुरुवात करता येईल.

शिरा हाताला लागल्या तर शस्त्रक्रियेने काय मिळते? एडिनबरोचे डॉक्टर टलक यांनी १९५०च्या दशकात एक रुग्ण नोंदवला. त्याच्या वीर्यात शुक्राणू नव्हतेच. दोन्ही बाजूंच्या शिरा बांधल्यावर शुक्राणू आले आणि तो बाप झाला. त्या नोंदीनंतर जगभर ही शस्त्रक्रिया पसरली आणि तिच्या फायद्याबद्दल वादही तितकाच रंगला. शिरा हाताला लागणाऱ्या आणि वीर्यात दोष असलेल्या १४५ पुरुषांवरचा सौदी अरेबियातला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाचीही निवड न करता त्यांची दोन गटांत वाटणी केली होती. शस्त्रक्रिया झालेल्या गटात वर्षभरात जवळपास ३३ टक्के जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणा झाली, न झालेल्या गटात सुमारे १४ टक्क्यांना. फायदा खरा आहे, पण तीन जोडप्यांतल्या दोघांना त्या वर्षातही यश आलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीत फरक असतो. जांघेखाली छोटा छेद देऊन सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा एकेक बांधायच्या आणि धमनी व लसिकावाहिन्या सांभाळायच्या, ही आज सर्वांत चांगली मानलेली रीत. यात शिरा पुन्हा फुगण्याचे आणि पिशवीत पाणी साचण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहते. जुन्या पद्धतींत ते बरेच जास्त. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. जड उचलणे दोन-तीन आठवडे बंद, तेव्हा मालकाशी आधीच बोलून ठेवा.

नंतर धीर धरा. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर तो पिकून बाहेर पडायला आणखी काही दिवस. म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. पुढच्याच महिन्यात रिपोर्ट काढून निराश होऊ नका.

टेस्ट ट्यूब बेबीचा प्रश्न मुख्यतः पत्नीच्या वयावर ठरतो. ती २७ वर्षांची आहे, हाताशी वेळ आहे. चारही अटी जुळल्या तर आधी शस्त्रक्रिया आणि वर्षभर वाट, हा मार्ग योग्य. तो यशस्वी झाला तर दुसऱ्या मुलासाठी पुन्हा खर्च नाही. पत्नी ३५च्या पुढे असती तर थांबण्यात तिची वर्षे गेली असती, मग सल्ला उलटा झाला असता. पुढे कधी त्या वाटेने जावेच लागले, तर टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांसाठीच्या २०२१च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी झालेली आहे ना, एवढे पाहा.

गोळ्यांबद्दल शेवटचे. काउंट वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या महागड्या डब्यांवर भिस्त ठेवू नका. फॉलिक ॲसिड आणि झिंकचा अमेरिकेत २,३०० हून अधिक जोडप्यांवर अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२० साली आला : मुले जन्मण्याच्या प्रमाणात काहीही फरक नाही. त्यापेक्षा मावा, तंबाखू आणि सिगारेट सोडा. त्याने पैसा वाचेल आणि शुक्राणूही. व्यायामशाळेत कुणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर हात जोडून नाही म्हणा. बाहेरून ते घेतले की वृषणातली शुक्राणूंची निर्मिती बंद पडते.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. सैन्यभरतीची धावण्याची परीक्षा पास झालो, पण मेडिकलमध्ये व्हेरिकोसील निघाला म्हणून थांबवले. मला दुखत नाही. ऑपरेशन करावे का? पुढे मूल होणार नाही का?
— बार्शी तालुक्यातून

उत्तर : इथे दोन प्रश्न वेगळे करा. भरतीसाठी ऑपरेशन करायचे की नाही, हा नोकरीचा प्रश्न आहे. भरतीच्या निकषांत फुगलेल्या शिरा बसत नसतील तर त्या दुरुस्त करून पुन्हा तपासणीला जाण्याची वाट खुली आहे का आणि किती दिवसांत, हे तुम्हाला मिळालेल्या लेखी कागदावर पाहा. करायचेच झाले तर वर सांगितलेली सूक्ष्मदर्शकाची पद्धत विचारा, म्हणजे पिशवीत पाणी साचून पुढच्या मेडिकलला नवीच अडचण उभी राहणार नाही.

मुलांचा प्रश्न वेगळा. १९व्या वर्षी व्हेरिकोसील सापडला म्हणून पुढे मूल होणार नाही, असे अजिबात नाही. बहुसंख्यांना होते. युरॉलॉजिस्टकडून दोन्ही वृषणांचा आकार मोजून घ्या. डावे वृषण उजव्यापेक्षा लक्षणीय, साधारण वीस टक्क्यांहून लहान राहिले असेल, किंवा सतत दुखत असेल, तर उपचाराचा विचार करावा. तसे नसेल तर तुमची तयारी असल्यास एकदा वीर्यतपासणी, आणि ती ठीक निघाली तर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा. गावात कोणी हे लग्न मोडण्याचे कारण म्हणून सांगितले तर त्याला शंभरातल्या त्या पंधरा पुरुषांचा आकडा सांगा.

प्रश्न : लग्नाला चार वर्षे झाली. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांचीही. सासूबाई अजून मलाच नवस बोलायला लावतात. यांना तपासणीला चला म्हटले की विषय बदलतात. काय करू? असे प्रश्न तुम्ही छापता तरी का?
— एक वाचक भगिनी, अक्कलकोट

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत, आणि त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले. पण असे प्रश्न छापायला हवेत, हे मराठीत त्यांनी स्वतः किंमत मोजून पटवून दिले. म्हणून छापतो.

आता तुमचा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचाही काही ना काही वाटा असतो. म्हणून तपासणी दोघांची एकाच वेळी सुरू व्हायला हवी. त्यातही वीर्यतपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. तुमच्या नळ्यांची तपासणी तशी नव्हती. चार वर्षांत तुम्ही जे सोसले त्याच्या तुलनेत त्यांना एका डबीत नमुना द्यायचा आहे.

पुरुष टाळतात ते बहुधा दोन भीतींमुळे. पहिली, दोष निघाला तर मर्दानगीला बट्टा लागेल. त्यांना सांगा की संभोगाची ताकद आणि शुक्राणूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उत्तम असून दुसरी कमी असू शकते. दुसरी भीती प्रयोगशाळेतल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीची. तीही टाळता येते. प्रयोगशाळेतून स्वच्छ डबी आणून नमुना घरी घेता येतो. आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचे अंतर हवे, पूर्ण नमुना डबीत यायला हवा. बाजारातला साधा निरोध वापरू नये, कारण त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. डबी खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची. अक्कलकोटहून सोलापूरची प्रयोगशाळा गाठायची असेल तर सोलापुरातल्या नातेवाइकांकडे मुक्काम करणे सोयीचे पडेल.

ते तरीही नाही म्हणाले, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा की माझा पुढचा कोणताही उपचार यांच्या रिपोर्टशिवाय सुरू करू नका. कोणताही चांगला डॉक्टर हे मान्य करेल, कारण नवऱ्याचा रिपोर्ट न पाहता बायकोवर औषधे आणि इंजेक्शने चालवणे हा अंधारातला उपचार आहे. डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून सांगितले की बहुतेक नवरे ऐकतात. आणि सासूबाईंना नवस बोलायचाच असेल तर त्यांनी तो अवश्य बोलावा. रिपोर्ट मात्र दोघांचेही फाइलला लागले पाहिजेत.